प्लाझ्मा कटिंग: हवा, अर्थिंग आणि धूर

भोसरी, वाळूज, शिरोली, सातपूर, बुटीबोरी, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये डोकावलं, तर गॅस कटिंगच्या जोडीला प्लाझ्मा मशीन आता सर्रास दिसतं. कुठे सीएनसी बेडवरचं दोनशे अँपिअरचं, कुठे खांद्याला अडकवून साइटवर नेता येईल असं चाळीस अँपिअरचं इन्व्हर्टर. गॅस कटिंग शिकवणारा जुना मिस्त्री नव्या पोराला आधी सिलिंडर शिकवायचा. ऑक्सिजनच्या फिटिंगला तेलकट हात लावायचा नाही, फ्लॅशबॅक अरेस्टर काढायचा नाही, पाइपवर पाय द्यायचा नाही. आग डोळ्यांसमोर असायची, त्यामुळे धाकही असायचा. एअर प्लाझ्मात सिलिंडर नाही, उघडी ज्योत नाही. कॉम्प्रेसरची हवा आणि वीज एवढंच. सिलिंडर गेला म्हणजे धोका गेला, ही समजूत इथूनच येते आणि ती चुकीची आहे.

दुसरी चुकीची समजूत म्हणजे देखभाल मशीनची आणि सुरक्षितता माणसाची, असे दोन कप्पे करणं. देखभाल मेंटेनन्सवाल्याकडे जाते, सुरक्षितता भिंतीवरच्या पोस्टरवर राहते. प्रत्यक्षात ओली हवा, सैल क्लॅम्प, धातूची धूळ आणि बेडखाली साचलेला स्लॅग यांनीच मशीन बिघडतं आणि बहुतेक वेळा यांनीच माणसाला इजा होते. म्हणून या लेखात दोन्हींचा आढावा एकत्रच घेतला आहे.

अमेरिकेतल्या युनियन कार्बाइड कंपनीच्या लिंडे विभागातले रॉबर्ट गेज यांना या तंत्राचं पेटंट १९५७ मध्ये मिळालं. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम गॅसच्या ज्योतीने नीट कापले जात नाहीत, ही तेव्हाची अडचण होती. आर्क अगदी बारीक छिद्रातून, वायूच्या वेगवान झोतासकट बाहेर काढला, तर तो आवळला जातो आणि त्याचं तापमान वीस हजार अंश सेल्सिअसच्या घरात जातं. समोरचा धातू वितळतो आणि तोच झोत तो उडवून लावतो. हे सगळं टॉर्चच्या टोकाशी, चिमटीत मावतील अशा पाच-सहा भागांत घडतं: इलेक्ट्रोड, नोझल, स्वर्ल रिंग, रिटेनिंग कॅप, शील्ड. मशीनची किंमत लाखांत असली तरी कटचा दर्जा या भागांवर ठरतो आणि या भागांचं आयुष्य त्यांच्यातून जाणाऱ्या हवेवर.

म्हणून सुरुवात हवेपासून. पावसाळ्यातला एक हिशोब करून पाहू. तापमान ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. अशा एका घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. टॉर्चला मिनिटाला २०० लिटर हवा लागते असं धरलं, तर तासाला १२ घनमीटर हवा कॉम्प्रेसरमध्ये ओढली जाते. म्हणजे तासाला पाव लिटरहून जास्त पाणी. ही हवा सात बारपर्यंत दाबून थंड केली की तिच्यात एवढी वाफ मावत नाही आणि बहुतेक पाणी टाकीत उतरतं. टॉर्च दिवसात सहा तास चालला तर सव्वा ते दीड लिटर पाणी. ते कुणी काढलं नाही तर टाकीच्या तळाशी साचतं, गंजात आणि कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळतं आणि एक दिवस थेट लाइनमध्ये चढतं. पंधरा दिवस न उघडलेला ड्रेन कॉक उघडून पाहावा. आधी तपकिरी पाण्याची पिचकारी येते, मग दुधासारखा पांढुरका फेस, मग बराच वेळ थुंकत-थुंकत येणारी ओली हवा. हेच मिश्रण टॉर्चमध्ये चाललेलं असतं.

लाइनवर काचेच्या वाटीचा एक फिल्टर बसवला की काम झालं, असं पुष्कळजण धरून चालतात. तो फिल्टर थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. ती पुढे जाऊन थंड पाइपमध्ये किंवा टॉर्चच्या केबलमध्ये पुन्हा पाणी होते. वाफ काढायची तर ड्रायरच लागतो. रेफ्रिजरेटेड ड्रायर दाबाखालच्या हवेचा दवबिंदू साधारण ३ अंशांपर्यंत खाली आणतो. अनेक उत्पादक आयएसओ ८५७३-१ या मानकातली जी हवा मागतात तिचा दवबिंदू उणे ४० अंशांचा असतो आणि त्यासाठी शोषक पदार्थाचा ड्रायर लागतो. छोट्या वर्कशॉपला तो परवडत नाही, हे मान्य. पण कोकणात, गोव्यात किंवा मुंबईच्या आसपास जून ते सप्टेंबर प्लाझ्मा चालवणाऱ्याने निदान रेफ्रिजरेटेड ड्रायर आणि त्यापाठोपाठ तेल टिपणारा फिल्टर लावायलाच हवा. माझ्या मते तो मशीनच्या खरेदीतच धरावा. मागाहून घेऊ म्हटलेला ड्रायर सहसा येत नाही.

हवा कशी आहे ते तपासायला उपकरण लागत नाही. मशीन फक्त हवा सोडण्याच्या मोडवर ठेवायचं, म्हणजे आर्क पेटणार नाही, आणि टॉर्चखाली कोरा पांढरा कागद किंवा आरसा धरायचा. ओलसर धुकं किंवा तेलाचा पिवळट ठिपका दिसला की कटिंग थांबवून लाइन तपासायची. दाबही हवा वाहत असतानाच पाहायला हवा. टॉर्च बंद असताना गेज सहा बार दाखवतो, ट्रिगर दाबताच चारवर येतो आणि ऑपरेटर नोझलला दोष देत बसतो. खरं कारण लांबलचक बारीक पाइप, अर्धवट उघडा कॉक किंवा त्याच लाइनवर चाललेला ग्राइंडर असतं.

ओल्या हवेचं नुकसान इलेक्ट्रोडवर वाचता येतं. तांब्याच्या इलेक्ट्रोडच्या टोकाला मधोमध हाफ्नियमचा छोटा ठिपका बसवलेला असतो. अणुभट्टीसाठी झिर्कोनियम शुद्ध करताना वेगळा काढला जातो तोच हा धातू. टंगस्टन हवेतल्या ऑक्सिजनपुढे टिकत नाही, म्हणून एअर आणि ऑक्सिजन प्लाझ्मात हाफ्नियम वापरतात. त्याचा वितळणबिंदू २२३३ अंश आहे आणि काम चालू असताना त्याचा पृष्ठभाग वितळलेलाच असतो. आर्क थांबताना यातलं थोडं हाफ्नियम उडून जातं. चांगलं मशीन प्रवाह आणि हवेचा दाब ठरावीक क्रमाने उतरवतं, त्यामुळे वितळलेलं हाफ्नियम जागीच थिजतं. पण टॉर्च प्लेटच्या कडेबाहेर गेला आणि आर्क ताणला जाऊन तुटला, तर हा उतार मिळत नाही. हवा पूर्ण दाबाने वाहत असते आणि वितळलेलं हाफ्नियम फुंकून टाकते.

इलेक्ट्रोडचं आयुष्य तासांत मोजण्यापेक्षा स्टार्टच्या संख्येत मोजायला हवं, ते यामुळेच. लांबच लांब सरळ पट्ट्या कापणाऱ्याचा इलेक्ट्रोड खूप टिकतो. फ्लँजमधली छोटी-छोटी होल पाडणाऱ्याचा लवकर जातो. एका शिफ्टमध्ये दोघांचं आर्क चालू राहण्याचं मोजमाप सारखंच भरेल, पण पहिल्याने मोजके स्टार्ट केलेले असतात आणि दुसऱ्याने शेकडो. नेस्टिंग करताना टॉर्च धातूवरच थांबेल असा प्रोग्रॅम केला, शक्य तिथे कडेपासून कट सुरू केला आणि हवेत उगाच पायलट आर्क पेटवून पाहण्याची सवय सोडली, की एक पैसा खर्च न होता भाग जास्त टिकतात.

इलेक्ट्रोडच्या टोकाला पडलेला खड्डा डेप्थ गेजने मोजावा. तांब्याच्या इलेक्ट्रोडसाठी साधारण एक मिलिमीटर ही मर्यादा धरतात. नेमका आकडा आपल्या मशीनच्या पुस्तकात असतो, तो मशीनवर रंगाने लिहून ठेवावा. त्यापलीकडे हाफ्नियम संपतं, आर्क तांब्याला भिडतो आणि इलेक्ट्रोड फुटून टॉर्चची बॉडीही घेऊन जातो. नोझलचं छिद्र भिंगातून पाहावं. ते लंबगोल झालं किंवा त्याची कड खाल्ली गेली की कट तिरका येणारच. नोझलची आतली बाजू काळवंडलेली असेल तर हवेत तेल किंवा पाणी आहे, असा संशय आधी घ्यावा. छिद्र साफ करायला ड्रिल बिट किंवा तार घालणारे बरेच आहेत, ते लगेच थांबवावं. छिद्राचा आकार बिघडला की ते नोझल गेलंच. स्वर्ल रिंगची बारीक छिद्रं हवेला पीळ देतात. तिला ग्रीसच्या बोटांनी हात लावू नये, तडा दिसला की बदलावी. ओ-रिंगला ग्रीस लावायचं ते तिच्यावर जेमतेम चमक येईल इतकंच.

बाजारात मूळ भागांच्या निम्म्या किमतीतही मिळणारे डुप्लिकेट भाग हा वादाचा विषय आहे. सगळेच टाकाऊ असतात असं मी म्हणणार नाही. पण हाफ्नियम किती खोल बसवलंय, छिद्र मध्यावर आहे का, हे बाहेरून दिसत नाही. तुलना करायची तर किंमत ÷ स्टार्टची संख्या, असा हिशोब मांडून करावी आणि टॉर्चची बॉडी जळण्याचा खर्चही त्यात धरावा. एका टॉर्चमध्ये दोन कंपन्यांचे भाग मिसळणं मात्र कधीच परवडत नाही.

खरं तर कट स्वतःच तक्रार सांगत असतो. खालच्या बाजूला जाड, बुडबुड्यांसारखा, हातोडीच्या टोल्याने सुटणारा ड्रॉस आला तर वेग कमी पडतोय. बारीक, घट्ट, ग्राइंडरशिवाय न निघणारा कणा आला तर वेग जास्त झालाय. चारी बाजूंना कड तिरकी येत असेल तर टॉर्चची उंची पाहावी, एकाच बाजूला येत असेल तर टॉर्च काटकोनात आहे का ते गुण्याने पाहावं. पीअर्सिंगची उंची कटिंगच्या उंचीच्या दीड ते दोनपट हवी. वेळ वाचवण्यासाठी ती कमी ठेवली की उसळलेला धातू शील्डवर चिकटतो आणि आर्क नोझललाच धरतो.

भाग बदलण्याच्या क्षणीच सगळ्यात गंभीर विजेचा धोका असतो. हाताने करायच्या आर्क वेल्डिंगच्या मशीनवर काम सुरू नसताना साधारण ६० ते ८० व्होल्ट असतात. प्लाझ्मावर २०० ते ४०० व्होल्ट डीसी असू शकतात. वर्षानुवर्षं वेल्डिंग केलेल्या माणसाला अधूनमधून बसणाऱ्या बारीक झटक्याची सवय झालेली असते आणि घामाने भिजलेल्या हातमोज्यांसकट तो हीच सवय घेऊन प्लाझ्मावर येतो. इथे तो झटका जीव घेऊ शकतो. नोझल बदलायच्या आधी मेन स्विच बंद, हा नियम पाळायलाच हवा. बहुतेक टॉर्चमध्ये कॅप नीट बसली नसेल तर मशीन सुरूच होऊ नये म्हणून सेन्सर असतो. तो बिघडला की दोन वायरी जोडून काम पुढे रेटतात. पुढच्या वेळी कॅप उघडी असताना चुकून ट्रिगर दाबला गेला, तर अडवायला काही उरत नाही. असं बायपास केलेलं मशीन दिसलं तर ते तिथल्या तिथे बंद करावं, डिलिव्हरी कितीही तातडीची असो.

वर्क क्लॅम्प म्हणजे अर्थिंग नव्हे, हेही पुन्हापुन्हा सांगावं लागतं. क्लॅम्प हा कापण्याच्या प्रवाहाचा परतीचा रस्ता आहे. तो थेट प्लेटला, गंज आणि रंग घासून काढलेल्या जागी लागला पाहिजे. बेडच्या गंजक्या पायाला लावला तर प्रवाह दुसरी वाट शोधतो: कधी रेलच्या बेअरिंगमधून, कधी क्रेनच्या साखळीतून. अर्थिंग ही वेगळी व्यवस्था आहे. बेडचं, पॉवर सोर्सचं आणि सीएनसी कंट्रोलचं अर्थ जाड तारेने एका जागी आणून चांगल्या खड्ड्यात न्यावं लागतं. हाय-फ्रिक्वेन्सीने आर्क पेटवणाऱ्या जुन्या मशीनमध्ये हे ढिलं असेल तर कंट्रोलर अचानक हँग होतो, टॉर्च भलतीकडे पळतो आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. खड्ड्यात पाणी घालणं आणि तो रोध मोजून घेणं, दोन्ही त्या दिवसांत हवं. आयएस ३०४३ हे अर्थिंगचं भारतीय मानक आहे. लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून त्यानुसार तपासणी करून घ्यावी.

पॉवर सोर्सच्या पोटात काय साचतं याकडे फारसं कुणी पाहत नाही. पंखा हवा ओढतो तशी शेजारच्या ग्राइंडरची लोखंडी धूळही ओढतो. ही धूळ वीजवाहक असते. पावसाळ्यात ती ओलसर झाली की सर्किट बोर्डावर शॉर्ट होऊन महागडा बोर्ड जातो. ग्राइंडिंग दूर ठेवणं हा त्यावरचा स्वस्त उपाय. महिन्या-दोन महिन्यांनी कव्हर उघडून व्हॅक्यूमने किंवा कोरड्या, कमी दाबाच्या हवेने सफाई करावी. मात्र मशीनचा पुरवठा तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज राहते. पुस्तकात सांगितलेली वेळ, सहसा निदान पाच मिनिटं, थांबायचं आणि मीटरने तपासूनच हात घालायचा. पाण्याने थंड होणाऱ्या टॉर्चमध्ये उत्पादकाचंच कूलंट घालावं. बोअरचं पाणी वीज वाहून नेतं आणि क्षार साठवतं, गाडीच्या कूलंटमधली रसायनं टॉर्चला मानवत नाहीत.

आता धूर. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण झटका किंवा भाजणं लगेच दिसतं, धुराचा हिशोब वीस वर्षांनी कळतो. प्लाझ्मा धातूची नुसती वाफच करत नाही, ती हवेच्या झोताने पसरवतोही. स्टेनलेस कापताना त्यातल्या क्रोमियमचं षट्संयुजी क्रोमियम होतं. ते मानवात कर्करोगकारक ठरलेलं आहे. अमेरिकेत २००६ पासून कामाच्या जागेवर त्याची कमाल मर्यादा घनमीटरला पाच मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे ग्रॅमचा दोन लाखावा भाग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुरालाही कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. प्लाझ्माच्या धुरात तेच धातू असतात. जीआय पत्रा कापल्यावर संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते, सकाळी बरं वाटतं. हा जस्ताच्या धुराचा ताप आहे. ‘होतंच असं’ म्हणून सोडून देण्यासारखा तो नाही. रंगवलेल्या जुन्या प्लेटमध्ये शिसंही असू शकतं.

तोंडाला बांधलेला रुमाल यातलं काहीच अडवत नाही. धुरावर उतारा मानला जाणारा गूळ आवडतो म्हणून खावा, पण त्याने फुप्फुसातला धातू निघत नाही. धूर जिथे निघतो तिथूनच ओढून घेणं हा खरा उपाय: बेडखालून ओढणारी डाउनड्राफ्ट यंत्रणा किंवा पाण्याचा बेड. हातकामाला निदान कामाजवळ सरकवता येणारा सक्शन पाइप हवा. शेडच्या भिंतीतला एक्झॉस्ट पंखा धूर ऑपरेटरच्या नाकासमोरून फिरवून बाहेर नेतो, एवढंच. त्यावर एफएफपी-२ किंवा त्याहून वरचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा. तो कण अडवतो. ओझोन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हे वायू तो अडवत नाही, म्हणून वायुविजनाला पर्याय नाही. क्लोरीनयुक्त डिग्रीझरने पुसलेला पत्रा वाळायच्या आत कापला तर आर्कच्या प्रकाशात आणि उष्णतेत फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. पत्रा साफ करायची जागा म्हणूनच कटिंगपासून दूर हवी.

डोळ्यांबद्दल थोडक्यात. ४० अँपिअरपर्यंत पाच नंबरची काच, ६० पर्यंत सहा, ८० पर्यंत आठ आणि त्यापुढे ३०० अँपिअरपर्यंत आठ-नऊ, असा ढोबळ हिशोब. उन्हाचा गॉगल चालत नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचू लागलं तर त्यात दूध घालू नये, डॉक्टरकडे जावं. हेल्पर आणि शेजारच्या मशीनवरची माणसं यांच्यासाठी पडदा लावावा, कारण तेही तोच प्रकाश झेलत असतात. मोठ्या प्रवाहावर आवाज १०० डेसिबलच्या वर जातो आणि आपल्या नियमांतली आठ तासांची मर्यादा ९० ची आहे. कानात प्लग हवेत.

ठिणग्यांचा पल्ला लोकांना वाटतो त्याहून मोठा असतो. अमेरिकेतलं एनएफपीए ५१बी हे मानक ११ मीटरच्या आत जळाऊ काही नको असं सांगतं आणि २०१९ च्या आवृत्तीपासून काम संपल्यावर तासभर पहारा मागतं. आपल्याकडे बेडखाली स्लॅग, तेलाच्या चिंध्या आणि पुठ्ठ्याचे खोके एकत्र साचतात. शटर ओढून सगळे घरी जातात आणि आग नंतर लागते. तेलाचा, थिनरचा किंवा डिझेलचा रिकामा ड्रम कापणं तर थेट स्फोटाला बोलावणं आहे. रिकामा दिसणारा ड्रम वाफेने भरलेला असतो.

पाण्याच्या बेडवर ॲल्युमिनियम कापणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. वितळलेले ॲल्युमिनियमचे कण पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोजन सोडतात आणि तळाला साचलेला गाळ तो बराच काळ सोडत राहतो. रात्रभर बेडवर मोठी प्लेट पडून राहिली तर तिच्याखाली वायू कोंडतो आणि सकाळची पहिली ठिणगी त्यात पडते. असे स्फोट झालेले आहेत. प्लेट रात्री बेडवर ठेवायची नाही, गाळ वारंवार काढायचा, पाण्यात हवा खेळवणारा पाइप बसवायचा आणि सकाळी कापण्याआधी तो काही वेळ चालू ठेवायचा.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने डोळ्यांच्या संरक्षणाची (कलम ३५) आणि घातक धुरापासून बचावाची (कलम ३६) जबाबदारी कारखानदारावर टाकली होती आणि महाराष्ट्रात तपासणीचं काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. पण चार-पाच माणसांची वर्कशॉप कामगारसंख्येच्या अटीमुळे अशा चौकटीबाहेर राहतात आणि हातातला प्लाझ्मा सगळ्यात जास्त तिथेच चालतो. तिथे सुरक्षितता मालकाच्या आणि काम देणाऱ्याच्या हातात आहे.

इथे दराचा प्रश्न येतो. जॉबवर्कचा दर मीटरवर आणि पीअर्सिंगवर ठरतो. ऑपरेटरलाही पुष्कळ ठिकाणी नगावरच पैसे मिळतात. टाकीचं पाणी काढणं, कागद धरून हवा पाहणं, क्लॅम्पची जागा घासणं, केबलवरचे चिरे तपासणं, इलेक्ट्रोड मोजणं या सगळ्याला सकाळी पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि त्या मिनिटांचे पैसे कुणी देत नाही. म्हणून ती होत नाहीत. ऑपरेटरच्या निष्काळजीपणावर बोट ठेवण्याआधी मालकाने ही मिनिटं पगारी शिफ्टमध्ये धरावीत आणि कोटेशन देताना ड्रायर, सक्शन आणि मास्क यांचा खर्च मीटरच्या दरात लावावा. मोठ्या कंपन्यांचे खरेदी विभाग दर पाडून घेताना नेमका हाच खर्च कापायला लावतात. पुरवठादाराकडून तपासणीचं प्रमाणपत्र मागणाऱ्या ऑडिटमध्ये त्यांनी बेडखालचा स्लॅग आणि कॉम्प्रेसरचा ड्रेन कॉकही उघडून पाहावा.